कर आणि शेतीधोरण यांतून तंबाखूचा वापर कमी करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तंबाखूवरचा कर आणि तंबाखूची शेती हे दोन विषय बहुधा एका दमात बोलले जातात, आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. कर ग्राहकाच्या खिशावर काम करतो आणि त्याचा परिणाम काही महिन्यांत दिसू लागतो. शेतीधोरणाचा संबंध पिकवणाऱ्याच्या संसाराशी असतो आणि त्याला वर्षे लागतात. वापर घटवण्याचे मुख्य काम कर करतो; शेतीधोरणामुळे तो कर लावणे राजकीयदृष्ट्या शक्य होते आणि त्याची झळ भलत्याच माणसाला बसत नाही. खालील उत्तरे या भूमिकेतून लिहिली आहेत.

तंबाखूवर कर पूर्वीपासूनच आहे. मग त्याला आरोग्याचे साधन का म्हणायचे?

महसुलासाठी लावलेला कर आणि वापर घटवण्यासाठी लावलेला कर दिसायला सारखे असले, तरी त्यांच्यामागचा हिशोब वेगळा असतो. पहिल्या प्रकारात खप टिकून राहील इतपतच कर वाढवला जातो, आणि तो वाढला नाही तरी कोणाची झोप उडत नाही. दुसऱ्या प्रकारात खप घटला हेच यश मानले जाते, त्यामुळे लोकांचे उत्पन्न वाढले की करही वाढवावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार तंबाखूमुळे दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे मरतात, आणि तंबाखू वापरणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. तंबाखू नियंत्रणाचा जागतिक आराखडा करार २००३ मध्ये स्वीकारला गेला आणि २७ फेब्रुवारी २००५ रोजी अमलात आला. आज १८० हून अधिक पक्ष (म्हणजे बहुतेक देश) त्याने बांधलेले आहेत. त्याचे सहावे कलम किंमत आणि कर यांविषयी आहे, सतरावे पिकवणाऱ्यांच्या आणि कामगारांच्या पर्यायी उपजीविकेविषयी, तर अठरावे लागवड व उत्पादनातील माणसांच्या आरोग्याविषयी आणि पर्यावरणाविषयी. कर आणि शेती ही दोन टोके एकाच करारात आहेत, हे अनेकदा विसरले जाते.

किंमत वाढल्यावर वापर नेमका किती घटतो?

किंमत १० टक्क्यांनी वाढली, तर श्रीमंत देशांत खप सुमारे ४ टक्क्यांनी आणि कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे ५ टक्क्यांनी घटतो, असे अनेक देशांतील अभ्यासांचे सार आहे. देशागणिक हा आकडा बराच मागेपुढे होतो. ढोबळमानाने यातील निम्मी घट सोडून देणाऱ्यांमुळे आणि सुरुवातच न करणाऱ्यांमुळे होते, तर उरलेली घट वापर चालू ठेवून प्रमाण कमी करणाऱ्यांमुळे.

तरुणांवर परिणाम अधिक होतो, कारण त्यांच्या हाती पैसा कमी असतो आणि व्यसन अजून पक्के झालेले नसते. ज्याला निकोटिनची सवय जडून वीस वर्षे झाली, तो इतर खर्च कापून तंबाखू घेत राहू शकतो. त्यामुळे व्यसन सोडण्यासाठी मदत देणारी सेवा करवाढीच्या जोडीला नसेल, तर ती करवाढ अर्धवट राहते.

कर किती असावा?

किरकोळ किमतीत सर्व करांचा मिळून वाटा किमान ७५ टक्के असावा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड आहे. तुलनेसाठी तो सोयीचा असला, तरी तेवढ्यावर विसंबणे बरे नव्हे. एखाद्या देशात कराचा वाटा ७५ टक्के असूनही माल अतिशय स्वस्त असू शकतो, कारण मूळ किंमतच नगण्य असते. उलट कंपनीने आपला नफा वाढवून किंमत चढवली, तर कराचा वाटा कमी दिसेल, पण ग्राहकासाठी माल महागच झालेला असेल.

म्हणून खरा प्रश्न परवडण्याचा आहे. ठराविक प्रमाणात तंबाखू विकत घ्यायला सरासरी उत्पन्नातील किती हिस्सा लागतो, आणि तो हिस्सा दरवर्षी वाढतो आहे की घटतो आहे, हे पाहावे. उत्पन्न ८ टक्क्यांनी वाढले आणि तंबाखू ५ टक्क्यांनी महागली, तर अर्थसंकल्पाच्या भाषणात करवाढ झालेली असते. प्रत्यक्षात तंबाखू आदल्या वर्षीपेक्षा स्वस्तच पडते.

कराची रचना कशी असावी? किमतीवर टक्केवारीने, की नगावर ठरलेल्या रकमेने?

हा प्रश्न रुक्ष वाटला तरी कराचे निम्मे यश रचनेवर अवलंबून असते, म्हणून येथे थोडे थांबून आकडे मांडणे योग्य ठरेल.

समजा, एका महागड्या पाकिटाची करपूर्व किंमत ४० एकके आहे आणि एका स्वस्त पाकिटाची २०. कर किरकोळ किमतीच्या ६० टक्के असेल, तर पहिले पाकीट १०० ला मिळेल आणि दुसरे ५० ला. दोहोंत ५० एककांचे अंतर पडले. करवाढीने बेजार झालेल्या ग्राहकाला सोडून देण्याऐवजी खालच्या पाकिटाकडे उतरण्याची ही उघड वाट आहे, आणि सरकारच्या हातीही ६० ऐवजी ३० एककेच येतात. आता तोच कर दर पाकिटाला सरसकट ६० एकके केला, तर पाकिटे अनुक्रमे १०० आणि ८० ला पडतील. अंतर २० वर आले आणि खाली उतरण्यात फारसा अर्थ उरला नाही.

नगावरच्या कराचा दोष महागाईत दिसतो. ६० एककांचा कर तसाच ठेवला आणि महागाई दरवर्षी ६ टक्के राहिली, तर १० वर्षांनी त्याचे खरे मोल ३४ एककांच्या आसपास उरते. कोणीही कर कमी केलेला नसतो, तरी तो जवळजवळ निम्मा झालेला असतो. म्हणून असा कर महागाईशी आणि शक्य तर उत्पन्नवाढीशी कायद्यानेच जोडून घ्यावा. दरवर्षी नव्याने निर्णय घ्यायचा म्हटले की दरवर्षी नव्याने दबावही येतो.

तिसरी अडचण टप्प्यांची. किमतीनुसार, लांबीनुसार किंवा उत्पादनाच्या आकारमानानुसार वेगवेगळे दर ठेवले, की कंपनी आपला माल नेमका खालच्या टप्प्यात बसेल असा बनवते. फिलिपिन्सने २०१२ च्या कायद्याने सिगारेटवरील करांचे चार टप्पे हळूहळू मोडून काढले. सर्वात खालच्या टप्प्यावरील कर पाकिटामागे २.७२ पेसो होता, तो २०१३ मध्ये १२ पेसो झाला आणि २०१७ पासून सर्व पाकिटांवर एकच ३० पेसोंचा दर आला. तेथे प्रौढांमधील तंबाखूवापर २००९ मध्ये २९.७ टक्के होता, तो २०१५ मध्ये २३.८ टक्के आढळला.

खप घटला तर सरकारचा महसूल बुडणार नाही का?

बहुतेक ठिकाणी तो वाढतो. कारण गणिताचे आहे. पाकीट १०० एककांचे असून त्यात कर ६० आहे असे धरा. कर ५० टक्क्यांनी वाढवून ९० केला, तर किंमत १३० होते, म्हणजे वाढ ३० टक्केच. वर सांगितलेल्या प्रमाणानुसार खप सुमारे १५ टक्क्यांनी घटेल. पूर्वी १०० पाकिटांवर ६,००० एकके मिळत होती. आता ८५ पाकिटांवर ७,६५० मिळतील. करात ५० टक्के वाढ म्हणजे किमतीत ५० टक्के वाढ, अशी समजूत बातम्यांत वारंवार दिसते. ती चुकीची आहे.

हे कायम चालत नाही, हेही खरे. वापर फारच कमी झाला किंवा बेकायदा मालाने बाजार व्यापला, तर महसूल उतरतो. पहिल्या कारणाने उतरला तर तो आनंदाचा विषय आहे. दुसऱ्या कारणाविषयी पुढे लिहिले आहे.

हा कर गरिबांच्या मुळावर येत नाही का?

तंबाखूवरील खर्चाचे उत्पन्नाशी प्रमाण गरीब घरांत जास्त असते, म्हणून हा आक्षेप एका झटक्यात झिडकारता येत नाही. पण करवाढीनंतर वापर सर्वाधिक घटतो तोही याच घरांत, आणि तंबाखूमुळे होणारे आजारपण, औषधोपचार आणि कमावत्या माणसाचा अकाली मृत्यू यांचा भारही त्यांच्यावरच सर्वाधिक असतो. कराचा भार मोजताना हा दुसरा भार वजा करायला हवा. तरीही जो सोडू शकत नाही, त्याच्यावर कर पडतोच. त्याचे उत्तर करातून मिळालेला पैसा व्यसनमुक्ती आणि आरोग्यसेवेच्या रूपाने त्याच्यापर्यंत परत नेण्यात आहे. सगळ्यांसाठी तंबाखू स्वस्त ठेवणे हा गरिबांचा कैवार म्हणता येणार नाही.

सिगारेट महाग केली तर लोक विडी, सुटी तंबाखू किंवा चघळण्याच्या तंबाखूकडे वळणार नाहीत का?

वळतात, आणि करधोरणातील ही सर्वात दुर्लक्षित फट आहे. भारतातील २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे आढळले. एकूण प्रौढांपैकी धूरविरहित तंबाखू वापरणारे २१.४ टक्के, विडी ओढणारे ७.७ टक्के आणि सिगारेट ओढणारे केवळ ४ टक्के होते. (एकच माणूस एकाहून अधिक प्रकार वापरतो, त्यामुळे या आकड्यांची बेरीज करू नये.) अशा ठिकाणी सगळी करवाढ सिगारेटवर केली, तर ती बहुसंख्य वापरणाऱ्यांना शिवतही नाही.

लहान उद्योग आणि हातकामगार यांच्या नावाने स्वस्त प्रकारांना सवलत दिली जाते. कामगारांची काळजी खरी असेल, तर ती मजुरी, विमा आणि पर्यायी कामाच्या रूपाने घेता येते. त्यासाठी माल स्वस्त ठेवण्याची गरज नाही. सर्व प्रकार एका झटक्यात एका पातळीवर आणणे कठीण असते, पण निदान अंतर दरवर्षी कमी होत जाईल, एवढे तरी पाहावे.

कर वाढला की तस्करी वाढते, हे खरे ना?

हा दावा प्रत्येक करवाढीच्या आधी केला जातो. त्यात तथ्याचा अंश आहे, आणि तो नाकारणाऱ्यांनी तंबाखूविरोधी चळवळीचे भले केलेले नाही.

तस्करीला फायद्याचा मोह हवा असतो आणि कर वाढला की तो मोह वाढतो. पण मोह असूनही माल हलवता येईल की नाही, हे सीमाशुल्काची यंत्रणा, भ्रष्टाचार, दंडाची भीती आणि पुरवठ्यावरील देखरेख यांवर ठरते. ब्रिटनमध्ये २००० च्या सुमारास सिगारेटच्या बाजाराचा सुमारे पाचवा हिस्सा बेकायदा होता. तेथे त्या वर्षी तस्करीविरोधी मोहीम हाती घेतली गेली आणि दशकभरात हा हिस्सा सुमारे निम्म्यावर आला. कर मात्र चढेच राहिले.

कॅनडाची गोष्ट उलटी आहे. तेथील कंपन्या करमुक्त सिगारेट शेजारच्या अमेरिकेत निर्यात करत आणि तोच माल चोरट्या मार्गाने कॅनडात परत येई. सरकारने फेब्रुवारी १९९४ मध्ये कर कापला. पुढे ज्या प्रांतांत कर उतरला, तेथे धूम्रपान सुरू करणारे अधिक आणि सोडणारे कमी आढळले. २००८ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांनी या प्रकरणात गुन्हा कबूल केला, आणि दंड व तडजोडीपोटी मिळून एक अब्जाहून अधिक कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले. तस्करीचे भय दाखवून कर उतरवला गेला, आणि तस्करीला माल पुरवणारे कोण होते, ते चौदा वर्षांनी उघड झाले.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव मात्र गैरसोयीचा असला तरी सांगितला पाहिजे. तेथे २०१३ ते २०२० या काळात कर दरवर्षी १२.५ टक्क्यांनी वाढवला गेला आणि पाकिटे जगातील सर्वात महागड्यांपैकी झाली. २०१९-२० नंतर मात्र तंबाखूचा महसूल घसरला, आणि त्यामागे वापरातील घटीबरोबरच बेकायदा मालाचा फोफावलेला बाजारही आहे. यातून कर वाढवू नये असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मात्र कराचा दर आणि अंमलबजावणीचा खर्च एकाच निर्णयात ठरवावा, एवढे निश्चित.

उपाय ठाऊक आहेत. प्रत्येक पाकिटावर न पुसता येणारी सांकेतिक खूण, कारखान्यापासून दुकानापर्यंत मालाचा माग ठेवणारी यंत्रणा, परवाने आणि शेजारी देशांशी माहितीची देवाणघेवाण हे त्यांतील प्रमुख. केनियाने २०१३ पासून अशी इलेक्ट्रॉनिक खुणांची व्यवस्था उभारली. बेकायदा व्यापार संपवण्याचा जागतिक पूरक करार (प्रोटोकॉल) २०१२ मध्ये स्वीकारला गेला आणि २५ सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माग ठेवणारी यंत्रणा तंबाखू कंपन्यांच्याच हाती देऊ नये, ही त्यातील कळीची अट आहे.

करवाढीला कंपन्या कसे तोंड देतात?

कर वाढण्याआधी गोदामे भरून ठेवणे ही जुनी क्लृप्ती आहे. करवाढीच्या दिवशी शिल्लक असलेल्या साठ्यावरही नवा दर लावणे हा त्यावरचा साधा उतारा. दुसरी क्लृप्ती अधिक चलाख असते. महागड्या मालाची किंमत करापेक्षाही जास्त वाढवायची, स्वस्त मालावरचा कर काही काळ स्वतः सोसायचा, आणि तरुण गिऱ्हाईक हातचे जाऊ द्यायचे नाही. पाकिटातील नगांची संख्या कमी करून किंमत तीच ठेवणे हाही त्याच जातीचा प्रकार. म्हणून किमान किंमत आणि पाकिटातील किमान नग कायद्याने ठरवावे लागतात. याशिवाय, करधोरण आखणाऱ्या समित्यांमध्ये तंबाखू उद्योगाला स्थान देऊ नये, असे तंबाखू नियंत्रणाच्या आराखडा कराराचे कलम ५.३ सुचवते.

एवढे सगळे करण्यापेक्षा सरळ बंदी का घालू नये?

दक्षिण आफ्रिकेने साथीच्या काळात २७ मार्च ते १७ ऑगस्ट २०२० असे जवळजवळ पाच महिने तंबाखूविक्रीवर बंदी घातली. बहुतेक धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट चढ्या भावाने मिळत राहिली, सरकारचा महसूल गेला आणि बेकायदा विक्रेत्यांचे जाळे पक्के झाले. भूतानने २००४ मध्ये विक्रीवर बंदी घातली होती. २०२१ मध्ये कायदा बदलून ती उठवण्यात आली. कोट्यवधी माणसांना जडलेले व्यसन एका अधिसूचनेने सुटत नाही. कर हळू चालतो, पण पैसा सरकारच्या हाती राहतो आणि माल नजरेआड होत नाही.

तंबाखूची लागवडच थांबवली तर वापर आपोआप थांबेल ना?

नाही. हा या पानावरील सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि गैरसमजही इथेच सर्वात खोल आहे.

विकल्या जाणाऱ्या मालाच्या किमतीत कच्च्या पानाचा वाटा अगदी लहान असतो. बाकी सगळे कर, प्रक्रिया, वितरण, जाहिरात आणि नफा यांत जाते. पानाचा भाव दुप्पट झाला, तरी दुकानातील किंमत जेमतेम हलते. शिवाय वाळवलेले पान वर्ष-दोन वर्षे सहज टिकते आणि जहाजाने कुठेही जाते. एका देशाने लागवड कमी केली, तर चीन, भारत, ब्राझील, झिंबाब्वे किंवा मलावी यांपैकी कोठून ना कोठून पान येतेच. युरोपीय संघाने तंबाखूला उत्पादनाशी जोडलेले अनुदान २००४ च्या सुधारणेपासून टप्प्याटप्प्याने काढून घेतले. तेथील लागवड आक्रसली. सिगारेट मात्र पानाअभावी कुठेही बंद पडली नाही.

मग शेतीधोरणाचा उपयोग तरी काय?

उपयोग तीन आहेत, आणि तिन्ही अप्रत्यक्ष आहेत. करवाढीविरुद्ध सर्वात परिणामकारक ढाल म्हणून शेतकऱ्याचा चेहरा पुढे केला जातो. त्याला दुसरी वाट मिळाली, तर ती ढाल गळून पडते. एक सरकारी खाते तंबाखूला स्वस्त कर्ज, हमीभाव आणि संशोधन पुरवत असताना दुसऱ्या खात्याने तिच्यावर आरोग्यासाठी कर लावावा, ही विसंगती दूर होते. आणि तिसरे कारण शेतकऱ्याचे स्वतःचे आरोग्य, जे दुसऱ्या कोणाच्याही वापरावर अवलंबून नाही.

तंबाखू हे नगदी पीक आहे. ते शेतकऱ्याला खरेच परवडत नाही का?

काहींना परवडते. मोठी जमीन, स्वतःची वाळवणीची भट्टी आणि हाती भांडवल असलेल्याला चांगला पैसा मिळू शकतो. लहान शेतकऱ्याचा हिशोब वेगळा लागतो.

करारशेतीचा एक हंगाम जवळून पाहू. सुरुवातीला बियाणे, खत आणि कीटकनाशक कंपनी उधार देते. भाव तीच लावते, आणि तो बाजारापेक्षा चढा असला तरी नगदी पैसा नसलेल्या माणसाला तो घ्यावा लागतो. रोपवाटिका, लावणी, शेंडे खुडणे, फुटवे काढणे, मग खालच्या पानांपासून वर वर जात अनेक फेऱ्यांत खुडणी. प्रत्येक फेरीची पाने काठ्यांना बांधून भट्टीत टांगायची. व्हर्जिनिया जातीच्या पानांना पाच ते सात दिवस रात्रंदिवस जाळ द्यावा लागतो आणि उष्णता सुमारे ३५ अंशांवरून ७० अंशांपर्यंत टप्प्याटप्प्याने चढवत न्यावी लागते. एका रात्री डोळा लागला, तर भट्टीतला सगळा माल काळा पडण्याची धास्ती. लाकूड जवळचे संपले की दुरून आणायचे. शेवटी प्रतवारीच्या टेबलावर खरेदीदाराचा माणूस गठ्ठा हाती घेतो, वास घेतो, दोन बोटांत पान चुरतो आणि दर्जा सांगतो. त्या एका शब्दावर वर्षाची कमाई ठरते, आणि तिच्यातून उधारी वळती होऊन उरलेले हाती येते.

केनिया, मलावी, झांबिया आणि इंडोनेशिया येथील शेतकऱ्यांच्या सर्वेक्षणांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरली, की बहुतेक लहान शेतकऱ्यांचा नफा नाममात्र उरतो किंवा तोटा निघतो. बायकामुलांच्या राबण्याला किंमत न लावल्यामुळेच हे पीक नफ्याचे वाटते.

आरोग्याचा भाग तर हिशोबात येतच नाही. पहाटेच्या खुडणीत पाने दवाने ओली असतात. त्या ओलाव्यात निकोटिन विरघळते आणि भिजलेल्या कपड्यांतून, उघड्या दंडांतून त्वचेत शिरते. मळमळ, ओकाऱ्या, चक्कर, डोकेदुखी आणि गळून गेल्यासारखा अशक्तपणा ही त्याची लक्षणे. याला हिरव्या तंबाखूचा आजार म्हणतात. तो होण्यासाठी आयुष्यात एकदाही तंबाखू ओढलेली असण्याची गरज नसते, आणि मुलांना तो लवकर गाठतो.

पर्यायी पीक कोणते?

तंबाखूच्या जागी बसेल असे एकच पीक शोधण्यात अनेक योजनांनी वर्षे वाया घालवली आहेत. तंबाखू शेतकऱ्याला धरून ठेवते ती भावाने कमी आणि सोयींनी जास्त: उधार निविष्ठा (बियाणे, खत, कीटकनाशक), ठरलेला खरेदीदार, दारात येणारा सल्लागार आणि हंगामाच्या शेवटी एकरकमी पैसा. नवे पीक यांपैकी एकही गोष्ट देत नसेल, तर एकरी उत्पन्नाचे तक्ते दाखवून कोणी वळणार नाही. म्हणून खरेदीदार आधी, पीक नंतर हा क्रम असावा.

केनियाच्या मिगोरी परगण्यात २०२१ च्या सुमारास सुरू झालेला कार्यक्रम याच क्रमाने चालला. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी सरकारबरोबर मिळून तंबाखू पिकवणाऱ्यांना लोहयुक्त घेवड्याच्या जातीचे बियाणे, कर्ज आणि प्रशिक्षण दिले, आणि अन्न कार्यक्रमानेच खरेदीची हमी घेतली. पुढे तो झांबियातही नेण्यात आला. देणगीदार संस्था खरेदीतून बाहेर पडल्यावर काय होते, यावरच अशा कार्यक्रमांची खरी परीक्षा असते. बहुतेक ठिकाणी एका पिकापेक्षा मिश्रण टिकते: थोडे धान्य, थोडा भाजीपाला, जनावरे आणि शेतीबाहेरचे एखादे काम.

शेतकऱ्यांना पैसे देऊन तंबाखूतून बाहेर काढता येते का?

येते, पण अटी नीट लिहिल्या तरच. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून तंबाखूचे कोटे, म्हणजे कोणी किती तंबाखू पिकवून विकावी याच्या सरकारी मर्यादा होत्या. २००४ च्या कायद्याने ते रद्द झाले आणि कोटाधारकांना पौंडामागे ७ डॉलर, तर प्रत्यक्ष पिकवणाऱ्यांना ३ डॉलर अशी भरपाई १० वर्षांत देण्याचे ठरले. सुमारे १० अब्ज डॉलरचा हा खर्च उत्पादक व आयातदार कंपन्यांवर आकारणी करून वसूल झाला, ही त्यातील घेण्याजोगी गोष्ट. हजारो लहान शेतकरी बाहेर पडले. मात्र पुन्हा लागवड न करण्याची अट नसल्यामुळे जे राहिले ते मोठे होत गेले.

कॅनडाने २००८-०९ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलरची योजना आणली. कोटा सोडणाऱ्याने तंबाखूतून बाहेर पडावे असे अपेक्षित होते, पण काही कुटुंबांत एकाने पैसे घेतले आणि नातलगाच्या नावाने नवा परवाना निघाला. शेत तेच, भट्टीही तीच. २०११ मध्ये तेथील महालेखापरीक्षकांनी या त्रुटी नोंदवल्या. अट माणसापेक्षा जमिनीला जोडली असती, तर ही पळवाट अरुंद झाली असती, असे वाटते.

करातून मिळालेला पैसा शेतकऱ्यांकडे वळवता येईल का?

वळवता येतो, आणि वळवावा. फिलिपिन्सच्या कायद्यांत तंबाखूकराचा ठराविक वाटा तंबाखू पिकवणाऱ्या प्रांतांसाठी राखलेला आहे, आणि २०१२ नंतरच्या वाढीव महसुलाचा मोठा भाग आरोग्यविम्याकडे जातो. थायलंडने २००१ मध्ये तंबाखू व मद्य यांवरील करावर २ टक्के अधिभार लावून आरोग्यसंवर्धनाचा स्वतंत्र निधी उभा केला. कॅलिफोर्नियाने १९८८ मध्ये मतदानाने पाकिटामागे २५ सेंटचा वाढीव कर मंजूर करून त्याचा एक भाग तंबाखूविरोधी शिक्षणाला दिला.

अर्थखात्यांना असे राखीव निधी आवडत नाहीत, आणि त्यांचा मुद्दा अगदीच निराधार नाही: राखीव पैसा एकदा ठरला की गरज बदलली तरी हलत नाही. पण लोकांचा पाठिंबा मिळवायचा असेल, तर पैसा कुठे जातो हे दिसावे लागते. प्रांताला दिलेला पैसा रस्ते आणि इमारतींत जिरून पिकवणाऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही, तर त्याच्या लेखी करवाढ हा निव्वळ तोटा ठरतो. म्हणून निधी तंबाखू सोडणाऱ्या शेतकऱ्याच्या नावाने द्यावा.

कर वाढला तर पुढच्याच हंगामात शेतकरी देशोधडीला लागेल का?

जगभरातील वापर एका वर्षात कोसळत नाही; तो वर्षानुवर्षे थोडाथोडा उतरतो, आणि लोकसंख्यावाढीमुळे एकूण मागणी त्याहूनही हळू घटते. निर्यात करणाऱ्या देशातील शेतकऱ्याचा तर आपल्या देशातील करापेक्षा परदेशातील मागणीशी संबंध अधिक असतो. कंपन्यांनी स्वस्त पानासाठी खरेदी एका देशातून दुसऱ्यात हलवणे, मोठ्या शेतांवर यंत्रे येणे आणि पाऊस यांनी शेतकरी करापेक्षा कितीतरी वेगाने हलतो. मलावीसारख्या देशाच्या निर्यात उत्पन्नाचा मोठा हिस्सा तंबाखूवर आहे. तेथे धोका खरा आहे, पण तो एका पिकावर विसंबण्याचा आहे.

आधी कर वाढवावा की आधी शेतकऱ्यांची सोय लावावी?

कर ताबडतोब वाढवावा. शेतकऱ्यांची सोय पूर्ण होईपर्यंत थांबू म्हणणे म्हणजे कधीच न वाढवणे, हे उद्योगाला चांगले ठाऊक आहे. मात्र करवाढ पुढील चार-पाच वर्षांच्या वेळापत्रकासह जाहीर करावी, आणि अनुदान काढून घेण्याचा, कर्जाचा आणि खरेदीहमीचा तपशील त्याच दिवशी द्यावा. जाहीर करण्याची वेळ अर्थसंकल्पाच्या तारखेइतकीच पेरणीच्या तारखेवरूनही ठरवावी लागेल. तंबाखूची रोपवाटिका लावणीच्या साधारण दोन महिने आधी टाकतात, आणि उधारीचे करार त्याही आधी होतात. घोषणा त्यापूर्वी झाली, तर शेतकरी विचार करू शकतो. रोपे शेतात गेल्यावर झाली, तर तो हंगाम त्याच्या कर्जासह त्याच पिकात अडकलेला असतो.